स्लीप ॲपनियासाठी घशाचं ऑपरेशन कुणी केलंय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, प्रश्न नवऱ्याचा आहे. वय ४६, वजन ९१. घोरणं असं की मुलं दार लावून झोपतात, पण त्याचं काही वाटत नाही हो, ते मधेच थांबतं ना तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो, श्वासच बंद, मी हलवायला जाणार तेवढ्यात दचकून मोठा श्वास घेतो आणि परत गाडी सुरू. त्याला काही पत्ता नसतो. दिवसा मात्र सिग्नलला डुलक्या.

स्लीप स्टडीत एएचआय ३८ आला, म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास अडतोय नाहीतर उथळ होतोय (३० च्या वर सिव्हिअर). ऑक्सिजन ७६ पर्यंत खाली. सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) आणलं, पण जीव गुदमरतो म्हणे, झोपेत मास्क ओढून काढतो, सकाळी पलंगाखाली सापडतो.

ईएनटीवाले म्हणतात टॉन्सिल्स मोठे आहेत, ते काढू, टाळू-पडजीभेचं आणि नाकाचं वाकडं हाडही त्यातच उरकू. छातीचे डॉक्टर म्हणतात घाई नको, मास्कचा प्रकार बदला, नुसतं हाड सरळ करून ॲपनिया जात नाही, फार तर मशीन सोसवेल. माझं डोकं पिकलंय.

टाळूचं केलेल्यांनी सांगा, त्रास किती झाला आणि फरक टिकला का? गुंगीचं औषध देऊन दुर्बिणीने घसा बघतात ती डाइस टेस्ट आमच्या डॉक्टरांनी काढलीच नाही, आपण मागायची का? नाकात तूप सोडून झालंय, कृपया ते नको.

प्रतिसाद:
ताई, माझं झालंय. घसा दोन आठवडे भयंकर दुखला, पेज आणि आइस्क्रीमवर काढले. पाणी नाकातून यायचं, ते हळूहळू थांबलं. डाइस मागाच, जीभ मागे पडून रस्ता बंद होत असेल तर टाळू कापून काय मिळणार? टॉन्सिल्स मोठे असतील तर रिझल्ट बरा येतो म्हणतात, ती तुमची जमेची बाजू. पण घोरणं गेलं म्हणजे ॲपनिया गेला असं नाही, माझं घोरणं गेलं तरी एएचआय निम्म्यावरच अडकला, म्हणून तीन-चार महिन्यांनी स्टडी परत कराच. आणि भूलतज्ज्ञांना हा रिपोर्ट आधी दाखवा, पहिली रात्र मॉनिटरवर ठेवणार का ते विचारा.

धागाकर्ती:
खूप आभार. निम्म्यावर आल्यावर तुम्ही परत मशीन लावलंत का, आणि तेव्हा सोसलं का?