ताशेरे वेगळे, वाभाडे वेगळे

'ताशेरे ओढणे, खरडपट्टी काढणे, वाभाडे काढणे हे सगळे समानार्थीच' असं टीकेसाठीच्या मराठी शब्दप्रयोगांच्या एका यादीत म्हटलंय, ते मला पटत नाही. कोण कोणावर टीका करतंय, यावर शब्द ठरतो. ताशेरे न्यायालय ओढतं, चौकशी समिती ओढते. त्यामागे अधिकार असतो आणि बहुधा कागदही. खरडपट्टी मात्र तोंडी, वरच्याने खालच्याची काढायची. साहेब कारकुनाची काढतील, कारकून साहेबांची नाही काढणार! वाभाड्यांना असा अधिकार लागत नाही, कोणीही कोणाचेही काढावेत. फक्त ते चारचौघांत निघतात. कानउघाडणी या सगळ्यांत सौम्य, तिच्यात समोरचा सुधारावा ही इच्छा असते. तोंडसुखात ती अजिबात नाही, तिथे बोलणाऱ्याचंच समाधान.

त्या यादीत 'कोरडे ओढणे' हवंच. इथला कोरडा म्हणजे चाबूक, सुका नव्हे. म्हणून 'कोरडी टीका' हा त्याचा पर्याय होऊ शकत नाही. 'आसूड ओढणे' त्याच घरातलं. आणि कृपा करून बातम्यांमधलं 'जोरदार टीका केली' जरा कमी करा. 'झोड उठवली', 'धारेवर धरलं', 'चांगलीच हजेरी घेतली' हे शब्द वापरात राहायला हवेत.