हात बसेल, पण क्रमही बसवा

हॉटेलात हाउसकीपिंगच्या (खोल्या साफ करून लावण्याच्या) कामात सुरुवातीला खोल्या वेळेत होत नाहीत, नंतर हात आपोआप बसतो, असं म्हणतात. बसतो, पण वेळ खरा वाचतो तो क्रमामुळे. मळक्या चादरी-टॉवेल काढले की आधी बाथरूममध्ये जाऊन कमोड-बेसिनवर केमिकल मारून ठेवायचं आणि मग बेडला हात घालायचा. जंतुनाशकाला काम करायला पृष्ठभाग काही मिनिटं ओला राहावा लागतो, किती ते बाटलीवर लिहिलेलं असतं. मारलं की लगेच पुसलं तर वास तेवढा छान येतो, जंतू जागेवरच! बेड होईपर्यंत ती मिनिटं अशीच निघून जातात.

धूळ पुसणं बेडनंतर, कारण चादर पसरताना उडालेले तंतू टेबलावर बसतात. व्हॅक्यूम सगळ्यात शेवटी, आतून दाराकडे.