'एनआयएल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंच्या कमाईवर लेख लिहितेय. 'नेम, इमेज अँड लाइकनेस' म्हणजे एनआयएल, त्याला 'मानधन' चालेल का? लाइकनेसला कोशात 'साम्य' दिलंय.

उत्तर : मानधन नको. ते ज्याचं काम केलं तो देतो. एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या नियामक संघटनेने १ जुलै २०२१ पासून नियम सैल केले ते कॉलेजने पगार द्यावा म्हणून नव्हे. बुटांची कंपनी, गावातलं रेस्टॉरंट, इन्स्टाग्राम अशा बाहेरच्यांकडून पैसे घ्यायची मुभा मिळाली, एवढंच.

आणि 'साम्य'? कुणाशी साम्य? यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलेल्या एड ओबॅननला ओळखीच्यांच्या घरी व्हिडिओ गेममध्ये स्वतःच दिसला. नाव नाही, फोटो नाही. पण जर्सी ३१ नंबरची, डोक्यावर टक्कल, खेळाडू डावखुरा. २००९ मध्ये त्याने खटला भरला. नाव न घेताही पटते ती ओळख म्हणजे लाइकनेस.

उत्तर : मग शब्द आयताच आहे की! नावारूपाला येणे. 'नावारूपाचा हक्क' म्हणा.

उत्तर : झकास. पण नावारूपाला आलेलेच का? राखीव म्हणून बाकावर बसणाऱ्याचं काय?

उत्तर : हक्क त्यालाही आहे, गिऱ्हाईक नाही. उलट लुइझियाना स्टेट विद्यापीठाची माजी जिम्नॅस्ट ऑलिव्हिया डन बघा, तिने कॉलेजात असतानाच अशा करारांतून भरपूर कमावलं. जिम्नॅस्टिक्समध्ये पुढे अमेरिकन फुटबॉलसारखी व्यावसायिक लीग नाही, त्यामुळे कमवायची वर्षं कॉलेजातलीच.

उत्तर : जाता जाता, आपले पेपर या मुलांना अजून 'हौशी खेळाडू' लिहितात. हौस मुलांची आणि तिकिटांचे, टीव्हीचे पैसे कॉलेजांचे, असा तो मामला होता. हौशे आणि गवशे! अमेरिकन फुटबॉलपटू रेजी बुशने कॉलेजात असताना नियमबाह्य पैसे घेतले म्हणून २०१० मध्ये त्याची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च पुरस्कार, गेली, २०२४ मध्ये परत दिली.

उत्तर : लेखात एक भेद पाळा. खेळाडूंच्या दुसऱ्या एका खटल्यात जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं स्वतःच्या उत्पन्नातूनही थेट पैसे देऊ शकतात. त्याला 'उत्पन्नातला वाटा' म्हणा, दोन्हींची खिचडी नको. शिवाय आपल्याकडून स्कॉलरशिपवर गेलेली मुलं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असतात. त्यावर कामाचे निर्बंध, त्यामुळे अशा करारांत त्यांची अडचण होते.

प्रश्नकर्ती : मथळ्यात 'नावारूपाचा हक्क', आत पहिल्यांदा येईल तिथे एनआयएल. व्हिसाचा परिच्छेद वाढवतेय.