'शिक्षा व दंड' असं का लिहितात? दंड ही शिक्षा नाही का?

पेपरात नेहमीचं वाक्य असतं बघा, 'आरोपीस ५ वर्षे सक्तमजुरीची शिक्षा व १० हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी ३ महिने साधी कैद'. (दोष सिद्ध झाल्यावरही तो आरोपीच राहतो हे वेगळं दुखणं.) मला खटकतं ते 'शिक्षा व दंड'. भारतीय न्याय संहितेच्या (आताचा फौजदारी कायदा) कलम ४ मध्ये फाशी, जन्मठेप, कैद, मालमत्ता जप्ती, दंड आणि नव्याने आलेली समाजसेवा, सगळं शिक्षांच्या एकाच यादीत आहे. मग दंड वेगळा का काढतात?

*

कारण मराठीत दंड आकसलाय. मूळ अर्थ काठी, त्यावरून संस्कृतात कुठलीही शिक्षा म्हणजे दंड. देहदंडात तो अर्थ अजून टिकून आहे, एरवी तो सरळ खिशात शिरला. दंड भरतात, शिक्षा भोगतात, 'शिक्षा भरली' म्हणून बघा कसं वाटतं.

आणि शिक्षा तर मूळची शिकण्यातली. हिंदीत अजून शिक्षा म्हणजे शिक्षणच, आपल्याकडे मात्र अंगठे धरून उभं राहणं. तरी 'चांगला धडा शिकवला' म्हणतो तेव्हा शिकणं परत येतंच की.

*

याच्यात अद्दल पण घ्या. अरबी अद्ल म्हणजे न्याय, आपण त्याचं केलं 'बरी अद्दल घडली', म्हणजे केल्याचं फळ मिळालं. आणि जरब वेगळी हां, अद्दल घडते ती गुन्हा करणाऱ्याला, जरब बसते ती बघणाऱ्यांना पण. कोर्टात वकील कडक शिक्षा मागताना दोन्ही एका दमात मागतात आणि वर सुधारण्याची संधी म्हणून बचाववाले शिक्षा कमी मागतात, एकाच शिक्षेकडून किती कामं करून घ्यायची! प्रायश्चित्त यातलं सगळ्यात निराळं, कारण ते ज्याचं त्याने घ्यायचं असतं. म्हणून नारायणरावाच्या खुनानंतर रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं असं म्हणतात तेव्हा ते नुसतं 'फाशी द्या' पेक्षा जड वाटतं.

*

थोडं अवांतर, पण जन्मठेप म्हणजे १४ वर्षं असं कृपया कोणी लिहू नका. सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्येच सांगितलंय की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. १४ चा आकडा येतो तो शिक्षेत सूट देण्यावरच्या अटीतून, ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली तर सरकारला एरवीची सूट देऊनही १४ वर्षांच्या आत सोडता येत नाही. म्हणजे ती खालची मर्यादा, लोक वरची धरून बसलेत. जुन्या कायद्यात, म्हणजे भारतीय दंड संहितेत, इथे काळं पाणी होतं, १९५५ च्या दुरुस्तीने त्याची जन्मठेप झाली.

*

आणि तुरुंगातले शब्द राहिलेच, कैद्याला तात्पुरतं बाहेर सोडतात त्यातल्या पॅरोलला अभिवचन रजा, फर्लोला संचित रजा. कैदी नोकरीवर असल्यासारखा!

*

धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे बोलताना 'शिक्षा व दंड' कानाला बरोबर, कायद्याला चूक. मग बातमीत सरळ '५ वर्षे सक्तमजुरी व १० हजार रुपये दंड' लिहावं, मधली 'शिक्षा' काढली की भांडणच नाही.