आईचा आरोग्य विमा: विमा रक्कम सारखीच असताना जास्त हप्ता का भरावा?

प्रश्न:
माझ्या आईचे वय 68 असून तिला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. आजवर तिचा विमा नव्हता. आता दोन योजना समोर आहेत. दोन्हींची विमा रक्कम एकच आहे, परंतु पहिलीचा हप्ता बराच कमी असून तिच्यात 20 टक्के को-पे (मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा) आणि खोलीभाड्याची मर्यादा आहे. दुसरीत या अटी नाहीत. अशा वेळी दुसरी घेण्यात अर्थ आहे का? की आईला आमच्या कौटुंबिक फ्लोटर योजनेतच (सर्वांची मिळून एकच विमा रक्कम) घ्यावे?

उत्तर 1:
विमा रक्कम म्हणजे कमाल मर्यादा. बिलातले प्रत्यक्ष किती मिळणार, हे अटींवर ठरते. को-पेचा आकडा निदान डोळ्यांसमोर असतो, खोलीभाड्याची अट मात्र दाव्याच्या वेळीच कळते. अनेक करारांत मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतल्यास भाड्यातला फरक तर आपल्यावर पडतोच, शिवाय डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क असे खोलीच्या दर्जानुसार वाढणारे खर्चही निम्मेच मंजूर होतात. असे खर्च 1,00,000 झाले, तर 50,000 मंजूर होतील आणि त्यातून 20 टक्के को-पे वजा होऊन हाती 40,000 येतील. माझ्या वडिलांना रात्री दाखल केले तेव्हा एकच खोली रिकामी होती, ती आम्ही घेतली, आणि ही अट आम्हाला घरी आल्यावर समजली.

उत्तर 2:
वरील हिशेब मान्य आहे, पण मधुमेहाचा प्रतीक्षा कालावधी (जुन्या आजाराचे संरक्षण सुरू होईपर्यंतचा काळ) मी त्याआधी तपासेन. हप्ता सुरू झाला म्हणजे जुन्या आजाराचे संरक्षण लगेच सुरू झाले, असे बहुधा नसते. अर्जात मधुमेह लपवण्याचा सल्ला कोणी दिला (असे सल्लागार भेटतात!), तर तो मुळीच मानू नका; लपवलेली माहिती उघड झाली की दावा नाकारला जाऊ शकतो. मोतीबिंदू, गुडघ्याची शस्त्रक्रिया यांसाठी अनेकदा वेगळ्या उपमर्यादा (त्या उपचारापुरती कमाल रक्कम) असतात, त्याही पाहा. फ्लोटरचे म्हणाल, तर त्याचा हप्ता सहसा सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावर ठरतो आणि रक्कम सर्वांत वाटली जाते, त्यामुळे आईला वेगळीच योजना घ्यावी.

उत्तर 3:
हप्ता परवडत नसेल, तर लहान मूळ योजनेवर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेपुढच्या खर्चासाठीचा जादा विमा) हा मार्ग आहे. साध्या टॉप-अपमध्ये ही ठरावीक, म्हणजे वजावटीची रक्कम प्रत्येक वेळी दाखल होताना नव्याने ओलांडावी लागते; सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातील खर्च एकत्र मोजले जातात. उतारवयात वर्षातून दोनदा दाखल व्हावे लागणे नवलाचे नाही, म्हणून हा फरक मोठा ठरतो.

प्रश्नकर्ती:
पहिल्या योजनेचा करार काढून वाचला. खोलीभाड्याची अट अगदी वर लिहिल्याप्रमाणेच निघाली. फ्लोटरचा विचार सोडला असून दुसऱ्या योजनेच्या अर्जात मधुमेहासोबत, किरकोळ समजून मी गाळणार होते त्या रक्तदाबाच्या गोळीचीही नोंद केली आहे.