इक्विव्होकल आणि ॲम्बिव्हलंट: दोन्हींना 'संदिग्ध' चालेल का?

अनुस्वार: सॅट या अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेश परीक्षेसाठी शब्दांची कार्डं करताना या दोन्ही इंग्रजी शब्दांच्या मागे 'संदिग्ध' असंच लिहिलं जातं. पर्यायांत दोन्ही शेजारी आले की कार्डाचा उपयोग शून्य. वेगवेगळे मराठी शब्द सुचवा.

पिंपळपान: इक्विव्होकल असतं ते उत्तर, विधान, पुरावा. ॲम्बिव्हलंट असतो तो माणूस किंवा त्याची भावना. म्हणून पहिल्याला 'मोघम', दुसऱ्याला 'द्विधा'. कार्डावर अर्थाखाली 'कशाबद्दल वापरतात' हा रकाना ठेवाच, निम्मा घोळ तिथेच मिटतो.

जुईली: प्रयोगाचा निष्कर्ष मोघम कसा असेल? मोघम म्हणजे तपशील न देता बोललेलं. दोन्हीकडे झुकणारा पुरावा संदिग्धच. इक्विव्होकलचं लॅटिन मूळ 'सम' अधिक 'आवाज' असं आहे, त्यामुळे फार तर 'द्व्यर्थी' घ्या.

सह्यकडा: द्व्यर्थी म्हटलं की चावट संवाद डोळ्यांपुढे येतात, ते नको. मुळात एका मराठी शब्दाचा हट्ट कशाला? सॅटमधून विरुद्धार्थी शब्द 1994 मध्ये गेले, शब्दजोड्यांची साधर्म्यं 2005 मध्ये, सुटी वाक्यपूर्ती 2016 मध्ये. जुन्या हजारो शब्दांच्या याद्या त्या प्रश्नांसाठी होत्या. आता वाचन-लेखनाचे 54 प्रश्न, 27-27 चे दोन भाग, प्रत्येकी 32 मिनिटं. उतारा 25 ते 150 शब्दांचा आणि त्यावर एकच प्रश्न. संदर्भातल्या शब्दांचे प्रश्न, म्हणजे बहुधा उताऱ्यातल्या रिकाम्या जागेत नेमका शब्द निवडायचे, प्रत्येक भागाच्या सुरुवातीलाच येतात.

ते सोडवताना आधी पर्याय झाका. उताऱ्यात 'दो' (though), 'डिस्पाइट' (despite), अपूर्णविराम, अर्धविराम शोधा. रिकाम्या जागेचा अर्थ बहुधा तिथेच दिलेला असतो. मग आपला साधा शब्द भरा, मराठीतला चालेल, आणि त्याच्याशी पर्याय ताडून पाहा. पर्याय आधी वाचले की ओळखीचा शब्द खुणावतो आणि वाक्य त्याच्या सोयीने वाचलं जातं.

पिंपळपान: 'मराठीतला चालेल' म्हणजे मराठी शब्द नेमका हवाच की! 'संदिग्ध' भरलात तर दोन्ही पर्याय जुळतील.

सह्यकडा: मान्य. पण मुलं जास्त अडखळतात ती सोप्या शब्दांच्या दुसऱ्या अर्थावर. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणं एवढंच पाठ असतं. दावा क्वालिफाय केला म्हणजे दाव्याला मर्यादा घातली. 'टेम्पर' म्हणजे सौम्य करणं, 'अरेस्ट' म्हणजे वाढ रोखणं, 'चॅम्पियन' म्हणजे एखाद्या मताचा पुरस्कार करणं. अशा प्रत्येक अर्थाला वेगळं कार्ड हवं. पुढे रिकामी जागा ठेवलेलं इंग्रजी वाक्य, मागे शब्द आणि मराठी अर्थ. नुसता शब्द पुढे ठेवला तर ओळख पक्की होते, वापर नाही.

जुईली: शब्दांचे मूळ धातू शिकवले तर एवढी कार्डं लागत नाहीत.

पिंपळपान: धातू दगाही देतात. 'एनर्व्हेट' ऐकून जोम देणं वाटतं, अर्थ नेमका उलटा, गलितगात्र करणं. 'नॉइसम'चा आवाजाशी संबंध नाही, तो किळसवाण्या वासासाठी वापरतात. 'सँग्विन' रक्तावरून आला, पण अर्थ आशावादी. धातू लक्षात ठेवायला घ्या, अर्थ ओळखायला नको.

जुईली: मग तुमच्या 'मोघम'चं मूळही बघा. संस्कृत 'मोघ', म्हणजे 'अमोघ'च्या उलट, निष्फळ. पुराव्याला तो लावायचा?

पिंपळपान: ती व्युत्पत्ती पटत नाही. 'मोघम रक्कम' यात निष्फळ काय आहे? फक्त तपशील फोडलेला नसतो. हिशेबातला शब्द आहे हा.

जुईली: निष्फळवरून अस्पष्ट असा अर्थ सरकू शकतो.

सह्यकडा: सरकू शकतो आणि सरकला यात अंतर आहे. पुरावा द्या.

अनुस्वार: दुसरा शब्द, ॲम्बिव्हलंट, राहूनच गेला. 'गावकरी धरणाबद्दल द्विधा होते' हे कानाला खटकतं, 'मनःस्थिती' जोडावीच लागते. 'दोलायमान' चालेल का?

जुईली: दोलायमान म्हणजे निर्णय इकडून तिकडे हलतो. ॲम्बिव्हलंट माणसाला दोन्ही भावना एकाच वेळी असतात.