मदत हवी आहे: भारतातले माध्यमिक शिक्षक नेमके किती? दोन ठिकाणी दोन आकडे

रानवाट:
एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी देशातल्या माध्यमिक शिक्षकांची संख्या हवी आहे. जागतिक बँकेच्या तक्त्यातला आकडा यूडायस प्लसशी (केंद्र सरकारची देशभरातल्या शाळांची माहितीप्रणाली) जुळतच नाही, आणि फरकही थोडाथोडका नाही. शिवाय यूडायसमध्ये माध्यमिकला एका शिक्षकामागे 2021-22 मध्ये 18 विद्यार्थी दिसतात, 2024-25 मध्ये 21. देशातले एकूण शिक्षक मात्र 95 लाखांवरून 1 कोटीच्या वर गेलेत. मग माध्यमिकला शिक्षक कमी पडू लागले, असं लिहू का?

खडूफळा:
तसं मुळीच लिहू नका. 2021-22 चे 18 हे फक्त 9 वी-10 वीचे आहेत. 11 वी-12 वी तेव्हा वेगळी होती, तिथे 27 होते. पुढे अहवाल नव्या शैक्षणिक धोरणाच्या 5+3+3+4 वर्षं अशा चार टप्प्यांच्या रचनेत आले आणि 'माध्यमिक' म्हणजे 9 वी ते 12 वी झालं. 21 त्या चारही वर्गांचे मिळून आहेत. नाव तेच राहिलं, वर्ग बदलले.

दुसरा खड्डा विद्यार्थीसंख्येचा. 2022-23 पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेतात, आधी शाळेकडून वर्गवार बेरीज यायची. त्यामुळे त्या वर्षाच्या अलीकडचं आणि पलीकडचं गुणोत्तर एकाच आलेखात जोडू नये.

जागतिक बँक आकडा घेते युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेकडून. त्यांच्या वर्गीकरणात आपली 6 वी ते 8 वी हीसुद्धा माध्यमिकच, निम्न माध्यमिक. आपण तिला उच्च प्राथमिक म्हणतो. सगळा घोळ बहुतांशी इथेच आहे.

तक्तेवाला:
यात शाळेच्या प्रकाराचीही भर घाला. महाराष्ट्रात 5 वी ते 10 वीची हायस्कुलं भरपूर. अशी एक शाळा धरा, 10 शिक्षक. 2 जण फक्त 5 वीला, 3 फक्त 6 वी ते 8 वीला, 4 जण 6 वी ते 8 वी आणि 9 वी-10 वी दोन्हीकडे, 1 फक्त 9 वी-10 वीला. 'माध्यमिक शाळेतले शिक्षक' विचारलंत तर 10. 9 वी-10 वीला शिकवणारे 5. युनेस्कोच्या व्याख्येने, प्रत्येकाला एकदाच मोजून, 8. आणि स्तरनिहाय बेरीज केलीत तर 2+7+5 म्हणजे 14, कारण ते चौघे दोनदा मोजले गेले. चारही गणितं बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. स्तरांची बेरीज करून एकूण काढण्याची चूक फार होते, तेवढी टाळा.

रानवाट:
आता उलगडा झाला, आभार. महाराष्ट्रापुरतं शालार्थ किंवा संचमान्यतेवरून काढलं तर चालेल का?

तक्तेवाला:
दोन्ही अपुरे पडतील. शालार्थ ही वेतनाची प्रणाली. स्वयंअर्थसहाय्यित आणि विनाअनुदानित शाळांतले शिक्षक तिथे सापडणार नाहीत. संचमान्यतेत मंजूर पदं दिसतात, आणि मंजूर पद म्हणजे वर्गात उभा असलेला माणूस नव्हे. पद रिक्त असतं, किंवा तिथे कोणी तासिका तत्त्वावर असतो. शिक्षकांच्या तुटवड्यावर लिहायचं असेल तर मात्र मंजूर आणि कार्यरत यांतला फरकच तुमचा खरा विषय आहे, तेव्हा दोन्ही रकाने शेजारी ठेवा.

खडूफळा:
आणखी एक. हे आकडे डोकी मोजतात, कामाचे तास नाही. अर्धवेळ शिक्षकही एक आणि पूर्णवेळही एक. यूडायसमध्ये नेमणुकीचा प्रकार वेगळा नोंदवतात, तो रकाना सोडू नका.

रानवाट, तक्त्याखाली चार गोष्टी लिहा: वर्ष, कोणते वर्ग, कोणत्या व्यवस्थापनाच्या शाळा, आणि शिक्षक स्तरानुसार मोजलेत की शाळेनुसार. आणि देशांची तुलना करायची असेल तर युनेस्कोचाच आकडा सगळ्यांसाठी घ्या. भारताचा यूडायसमधून आणि बाकीच्यांचा तिकडून, असं केलंत तर आपली 6 वी ते 8 वी गळते आणि त्यांची मोजली जाते.